थोरलीचं नाव काय?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत मी जे बोलले ते लिहून द्या, असं अंकासाठी सांगण्यात आलं. सभेत वेळ कमी होता, अध्यक्षताई घड्याळाकडे बोट दाखवत होत्या. त्यामुळे तिथं राहून गेलेल्या चार गोष्टी इथं घातल्या आहेत.)



मी तुमच्या गटात येते तेव्हा काय विचारते, ते तुम्हाला पाठ झालंय. बचत झाली का, हप्ता भरला का, इतिवृत्त लिहिलं का, सगळ्यांच्या सह्या आहेत का. आज यातलं काहीच विचारणार नाही. आज एकच प्रश्न आहे. तुमच्या आजीच्या आईचं नाव काय?

गेले काही महिने मी हा प्रश्न बैठकीतलं कामकाज संपल्यावर, चहा येईपर्यंत विचारत आले आहे. एका गटात बाराजणी होत्या, त्यातल्या दोघींना नाव सांगता आलं. एक मावशी हसून म्हणाल्या, "सासऱ्याच्या आज्ज्याचं इचार, सांगते की. सातबाऱ्यावर हाय." दुसऱ्या एकीनं आईला फोन लावला, आईनं मामाला लावला, मामा म्हणाला, आम्ही तिला म्हातारीच म्हणायचो. त्या म्हातारीनं पाच लेकरं वाढवली, शेतात राबली, आणि नावाची जागा मोकळी.

मलाही सांगता आलं नव्हतं, हे आधीच कबूल करते.

माझं गाव सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात आहे. भावाला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता तेव्हा जात पडताळणीचे कागद जमवायची वेळ आली. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना ठाऊक आहे, कसा घाम फुटतो ते. ओबीसी असाल तर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातीला १९५० च्या आधीचा. सोबत वंशावळ, शपथपत्र. मी तेव्हा कॉलेजात होते, अक्षर बरं म्हणून वंशावळ लिहायचं काम माझ्याकडे आलं. खापरपणजोबा, पणजोबा, त्यांची मुलं, मुलांची मुलं, खाली माझा भाऊ. छान झाड तयार झालं. रात्री आजी शेंगा फोडत बसली होती, तिला वाचून दाखवलं. ती ऐकून घेतल्यावर म्हणाली, "ह्यात बाया कुठायत गं? बापय झाडालाच लागलं व्हय?"

अर्जातली वंशावळ वडिलांच्या बाजूनंच मागतात, तो नियम आहे, असं मी तिला सांगितलं. तिला काही ते पटलं नाही. मग गंमत म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला आम्ही बायकांचं झाड काढायला बसलो. आई झाली, आजी झाली. पणजीपाशी गाडी अडली.

माझ्या पणजोबांची दोन लग्नं झाली होती. आजोबा थोरलीचे. ते लहान असतानाच ती गेली. धाकटीनं त्यांना वाढवलं, आजीची सासू म्हणजे तीच. थोरलीला आजीनं कधी पाहिलेलंच नाही. पण आमच्या देव्हाऱ्यात चांदीचा एक छोटासा टाक आहे, नखाएवढा, त्याला आजी 'थोरली' म्हणते. दसऱ्याला चिंच लावून घासते. पितृपक्षात अविधवा नवमीला, सवाशीण गेलेल्या बायकांचा दिवस असतो तेव्हा, तिच्या नावानं एक पान वाढते. मी विचारलं, आजी, नावानं म्हणजे कुठल्या नावानं? आजी गप्प झाली. साठ वर्षं ती पान वाढत होती आणि 'थोरली घे गं' एवढंच म्हणत होती.

तिथून मला नाद लागला. नादच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. पडताळणीचं काम संपलं, भावाचा प्रवेश झाला, आणि मी मात्र सुट्टीत आले की ट्रंका उघडायला लागले. आई म्हणायची, "जित्या माणसांचं बघायचं सोडून हिचं मेलेल्यांचं चाललंय."

आता तुम्हालाही असं काही शोधायचं असेल तर कुठून धरायचं, ते सांगते. गटाचं काम करतो तसंच हे काम आहे. आपण रोकडवही लिहितो, खतावणी लिहितो. त्यातलीच एखादी शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहा. माहेरचं, सासरचं, आधारवरचं. हसू नका. खातं उघडायला बँकेत गेल्यावर आपल्या निम्म्या बायकांचं घोडं इथंच अडतं. पासबुकावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहिलं आणि जुनं नाव तिथंच संपलं. एकाच बाईची ही तीन नावं वहीत एका ओळीत लिहून ठेवलीत, तर तुमच्या नातीला तुम्हाला शोधताना तीन बायका शोधत बसावं लागणार नाही.

त्याखाली आई. तिचं माहेरचं गाव, आडनाव, भावंडं. मग आईची आई, सासू, सासूची आई. जिथं अडेल तिथं जागा मोकळी सोडा आणि पुढं जा.

माणसं आधी, कागद नंतर. कागद कचेरीत थांबतात, माणसं थांबत नाहीत. आणि म्हाताऱ्या बायकांना समोर बसवून वही-पेन काढलं की त्या सगळं विसरतात. मी सांगते, सर्व्हेचा फॉर्म घेऊन गेलं की काय होतं ते मला रोज दिसतं. हाताला काम असताना विचारा. लसूण सोलताना, धान्य निवडताना, गोधडीला टाके घालताना. गोधडीवरनं आठवलं, जुनी गोधडी उलगडून विचारा, हा तुकडा कुणाच्या लुगड्याचा? आमच्या आजीनं एका गोधडीवर चार बायका सांगितल्या. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, पण विचारून. न विचारता केलं आणि त्यांना कळलं, की पुढच्या वेळी तोंड मिटलं समजा.

साल विचारू नका. "तुमचा जन्म कधीचा?" म्हटलं की उत्तर एकच, "आम्हाला काय कळतंय." दाखल्यावर १ जून असते, ती मास्तरांनी घातलेली. आपल्यात किती जणी १ जूनच्या आहेत, हात वर करा म्हटलं तेव्हा सभेत काय झालं ते आठवतं ना? तेव्हा विचारायचं असं: कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठं होता? भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. आमची आजी लगेच म्हणाली, तुझी आत्या पोटात होती, पाचवा महिना होता, भांडी फळीवरनं पडली. झालं, आत्याचा जन्म १९६८ चा. दुष्काळात खडी फोडायला गेला होता का, सुकडी खाल्ली का? ते १९७२. बाबा तेव्हा रांगत होते आणि झाडाला बांधलेल्या झोळीत असायचे. गांधीजी गेले तेव्हा? पत्री सरकारच्या वेळी? आणि फारच मागं जायचं तर मानमोडीची साथ, १९१८ ची. कुणाची आजी, कुणाचा चुलता त्या साथीत गेला, हे अजून घराघरांत सांगतात. लातूर-धाराशिवकडच्या मैत्रिणी असतील तर त्या रझाकाराच्या आधी आणि नंतर असं सांगतील, किल्लारीच्या आधी आणि नंतर असं सांगतील. बाईच्या आठवणीला तारीख नसते, पण तिला टेकायला असा एखादा दगड असतो.

घरातल्या वस्तूही बोलतात. फळीवरची पितळी भांडी खाली काढा आणि बुडाशी, काठाशी बघा. कोरलेली नावं असतात. कुणी कुणाला दिलं, कधी कधी तारीखसुद्धा. कागदावर ज्या बाईचं नाव नाही, तिचं तांब्यावर सापडतं. हातावरचं गोंदण बघा. आणि जात्यावरच्या ओव्या. आपल्या आयाआज्यांनी दळताना माहेरच्या गावाचं, भावाचं, लेकीचं नाव घातलेलं असतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि कुठली ओवी कुणी गायली, कुठल्या गावात, हेही नोंदवून ठेवलं. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. ऐका एकदा. आपल्याच कुणाचा तरी आवाज वाटतो.

आमच्याकडे तांब्यावर काही नव्हतं. हेळवी आले होते एका वर्षी. आमच्या भागात अजून येतात ते, घराण्याची वही घेऊन. त्यांनी बाबांना सात पिढ्यांचे पुरुष घडाघडा वाचून दाखवले, मूळ गाव सांगितलं, बाबा खूश. मी थोरलीचं विचारलं. वही मिटली. पायलीभर ज्वारी घेऊन ते पुढच्या घरी गेले. आमच्या चुलत्यांनी त्र्यंबकेश्वरला गेल्यावर तिथल्या तीर्थपुरोहितांकडची नामावळी पाहून घेतली. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात, पूर्वी कोण कोण येऊन गेलं ते वाचतात. तिथंही आमचे पुरुष होते.

मग शाळा. हे नीट ऐका, कारण ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती, आपोआप सापडली. जुन्या प्राथमिक शाळेत जनरल रजिस्टर असतं. आजोबांचं नाव त्यात सापडलं. जन्मतारीख १ जूनच, त्याचं काही नाही. पण पुढच्या रकान्यात जन्मस्थळ होतं, आणि ते आमचं गाव नव्हतं. खटाव तालुक्यातलं एक गाव होतं. मी तिथंच बाकावर बसले. बाळंतपणाला बाई जाते कुठं? माहेरी. आजोबांचा जन्म जिथला, ते थोरलीचं माहेर. गुरुजी म्हणाले, "काय झालं गं, नोंद चुकलीय का?"

कागदांबद्दल दोन शब्द बोलते, मग गोष्टीकडे येते. तलाठी कार्यालयात चालू सातबारा मिळतो, तो सगळ्यांना माहीत आहे. पण घराण्याची खरी हकिकत फेरफारात असते. जमिनीवर नाव चढलं, उतरलं, कुणी मेलं, कोण वारस लागले, कुणी विकलं, ते सगळं फेरफार नोंदीत लिहिलेलं. सातबाऱ्यावर त्या नोंदीचा नंबर असतो, तो उतरवून घ्या आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने कागद आता स्कॅन झालेत, महसूल खात्याच्या 'आपले अभिलेख'वर फी भरून पाहता येतात. घरात शिकलेली पोरं आहेत, त्यांना बसवा. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात बाळाचं नाव बऱ्याचदा नसतंच. बापाचं नाव, आणि पुढं 'मुलगी'. एवढंच. जुने कागद मोडीत असतात, तेव्हा घाबरू नका. मोडी वाचणारी माणसं जिल्ह्याच्या ठिकाणी भेटतात, आणि तीही एक लिपीच आहे, शिकता येते.

तर मी त्या गावाला गेले. एसटीनं, बाबांना न सांगता, आजीला सांगून. पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं, आमच्या गावाला, आमच्या आडनावात दिलेली लेक कुणाच्या घरातली? त्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं आमच्या जमिनीचा भाव विचारला. मी दोनदा तशीच परत आले. तिसऱ्यांदा पारावर गेलेच नाही, नळावर गेले. तिथं पाणी भरणारी एक सून म्हणाली, थांबा, आमच्या आत्याबाईंना विचारू. आत्याबाई उन्हात बसल्या होत्या. म्हणाल्या, "ती आमच्याच घरातली. म्या न्हाय बगितली, म्या येच्या आदी गेली ती. पर तिची लेक हितंच वाढली की. तिला इचार. दर भाऊबीजेला येतीय."

मी म्हटलं, लेक?

माझ्या आजोबांना थोरली सख्खी बहीण आहे, हे मला माहीत होतं. आजीची नणंद. लग्न गलाईवाल्यांच्या घरात झालेलं. आमच्या खानापूर-आटपाडीकडची किती घरं सोनं-चांदी गाळायला तमिळनाडू, केरळ, पार दिल्लीपर्यंत गेली, तशीच ती गेली. घरात कुणी विचारलं की म्हणायचे, लांब असतात, येणंजाणं राहिलं नाही. लांब असतात म्हणून येणं राहिलं नाही, असं मी धरून चालले होते. आणि ही बाई म्हणत होती की ती दर भाऊबीजेला मामाच्या घरी येते. आमच्या गावावरूनच रस्ता आहे.

मी घरी आले आणि पुन्हा फेरफार काढला. तो आधी माझ्या हातात येऊन गेला होता, मी तेव्हा फक्त पुरुषांची नावं जुळवली होती. पणजोबा गेले १९६१ ला, पानशेत फुटलं त्या पावसाळ्यात. पुढच्या वर्षी वारस नोंद झाली. त्यात आजोबा आहेत, सावत्र भाऊ आहे, धाकटी आहे. बहीण नाही. खाली स्पष्ट लिहिलंय, याव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत.

मैत्रिणींनो, हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. त्यानंतर बाप वारला आणि त्यानं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्याच्या वाट्यात मुलाइतकाच मुलीलाही हिस्सा आहे. लेक जिवंत होती, शंभर मैलांच्या आत जिची आजोळची माणसं होती, आणि कागद म्हणत होता की ती नाहीच. पुढं महाराष्ट्रात १९९४ ला आणि सगळ्या देशात २००५ ला लेकीला वडिलोपार्जितात जन्मानं हक्क मिळाला, ते सगळं आपण प्रशिक्षणात शिकतो, फलकावर लिहितो, मीच लिहिते. आणि माझ्या घरात ही नोंद.

आजीला विचारलं. ती बराच वेळ शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, तेव्हा लेकींची नावं लावायची रीतच नव्हती, चुलत्यांनी लावून दिलं, तुझा आजोबा विशीतला पोरगा होता. हेही खरंच असेल. माझ्या लग्नात हळद तिनंच लावली मला, म्हणाली. मग एकदा ती आली होती, धंद्याला पैसे पाहिजे होते म्हणून. ओट्यावर बोलणं झालं, मी चूल पेटवली तोवर निघून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

आत्या-आजी आता मुलाकडे विट्याला असतात, नव्वदीला आल्यात. आजोळच्या त्या घरातून नंबर मिळाला. फोन करायचं मी पंधरा दिवस टाळलं. कर्ज थकलेल्या सदस्याच्या दारात जायला मी घाबरत नाही, पण तो फोन लावायला हात उचलेना. शेवटी केला. कोण, कुणाची, सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ काही नाही. मग विचारलं, "सही पायजे व्हय गं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आपल्याकडे माहेरचा फोन बहिणीला कधी येतो? जमीन विकायची असते, हक्कसोड करायचं असतं, तेव्हा.

मी म्हटलं, सही नको आजी, नाव पाहिजे. तुमच्या आईचं.

त्या म्हणाल्या, ये मग.

गेले. त्या दिवशीचं सगळं मी इथं सांगणार नाही, काही आमच्यातच राहू दे. त्या पाच-सहा वर्षांच्या असताना आई गेली. आईचा चेहरा आठवत नाही म्हणाल्या, हात आठवतो, हातावर गोंदलेली तुळस आठवते. घेवड्याची भाजी तिला चालायची नाही, खाल्ली की अंगावर पित्त उठायचं. मी ऐकून चरकले, कारण आमच्या घरी नवमीच्या पानावर दरवर्षी घेवडा असतोच, आजीच्या सासूनं घालून दिलेली रीत. मग त्यांनी नाव सांगितलं. माहेरचं वेगळं होतं, सासरचं वेगळं. दोन्ही सांगितली.

ते नाव मी सभेत घेतलं नाही आणि इथंही छापत नाही. बऱ्याच जणींनी नंतर येऊन विचारलं, एवढं सगळं सांगितलंस आणि नावच नाही? आत्या-आजींनी बजावलंय, पेपरात छापू नको, आधी तुमच्या घरात घ्या.

घरात घेतलं का, तेही खरं सांगते. आजीनं घेतलं. आईनं वहीत लिहिलं. मी फेरफाराचा विषय काढला तेव्हा काका उठून गेले, आणि चार महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. "शिकवलं ते हेच्यासाठी व्हय?" एवढं मात्र बोलले. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फेरफाराची नक्कल मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि परत दिली. जमीन किती, तर साडेतीन एकर, त्यातली निम्मी माळ. पण प्रश्न एकराचा नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही. तो एकराचाही आहेच.

म्हणून तुम्हाला आधीच सावध करते. हे काम सुरू केलंत तर फक्त गोड गोष्टी सापडतील असं नाही. कुणाचं म्होतूर लागलेलं सापडेल, कुणाचं लपवलेलं मूल, कुणाची विहीर. जे सापडेल ते गटाच्या व्हाट्सअॅपवर टाकू नका. जिची गोष्ट आहे ती जिवंत असेल तर तिला विचारा, नसेल तर तिच्या लेकीला. आणि वारस नोंदीत बहिणीचं, आईचं, तुमचं स्वतःचं नाव सुटलेलं दिसलं, तर घाबरून किंवा रागावून लगेच भांडायला जाऊ नका. नोंदीत नाव नाही म्हणजे हक्क बुडाला, असं आपोआप होत नाही. तसंच नोंद दाखवली की जमीन मिळाली, असंही नाही. जुन्या प्रकरणात मुदतीचे, ताब्याचे खूप मुद्दे असतात. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथं बाईला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे १९८७ च्या कायद्यातच आहे. कागदांच्या नकला घेऊन तिथं जा. एकटीनं जायचं नसेल तर मला सांगा, मी येते.

ज्यांच्या घरात आत्ता कुणी वारलंय आणि वारस नोंद व्हायची आहे, त्यांनी मात्र हा अंक खाली ठेवून आजच तलाठ्याकडे अर्जात कुणाकुणाची नावं दिलीत ते बघावं. लेकींची आहेत का, बघावं. आज एक ओळ लिहायचं काम आहे, साठ वर्षांनी ते माझ्यासारखीला करत बसावं लागतं.

पुढच्या महिन्यापासून बैठकीत मी चहाच्या वेळेला वह्या बघणार आहे. जबरदस्ती नाही, दंडही नाही. एका गटात तर आधीच सुरू झालंय. तिथल्या सचिवताईंनी सासूबाईंना विचारता विचारता शोध लागला, की त्यांची सासू आणि शेजारच्या गटातल्या अध्यक्षांची आई मावसबहिणी. दोघी वर्षभर कर्जाच्या प्राधान्यावरून भांडत होत्या. आता भांडतात, पण 'अगं ताई' म्हणून भांडतात.

अविधवा नवमी जवळ आली आहे. आजीनं सांगितलंय, या वर्षी पानावर घेवडा नाही, आणि पान वाढताना नाव घ्यायचं. मी आत्या-आजींना फोन करून विचारलं, याल का. म्हणाल्या, "येईन की. पर गाडी कोण धाडणार?"

मी बाबांना विचारलं आहे. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. पण काल संध्याकाळी ते काकांच्या ओट्यावर बराच वेळ बसले होते.